होटगी रस्त्यावरचं कुत्रं

सोलापूर
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय प्रियदर्शनी,

(तुझं नाव ठेवताना पत्राच्या मायन्याचा विचार कुणी केला नाही, त्याला माझा इलाज नाही.)

गुरुवार, दोन ऑक्टोबर, दसरा, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. ही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. दवाखान्यातल्या भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं आणि ते बरोबर चालतंय का हे मी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं. त्या वेळी तू, डावा हात छातीशी धरून, गुडघ्याला चिंधी गुंडाळलेली, माझ्याकडे सरळ बघून खोटं बोललीस. "होटगी रस्त्याला कुत्रं आडवं आलं, आत्या." इतकंच वाक्य. तुला उचलून आणणारा तो ट्रॅक्टरवाला तिथेच उभा होता. "कुटलं कुत्रं?" असं त्याने तोंड उघडलं आणि तू त्याच्याकडे असे डोळे वटारलेस की बिचारा टोपी सारखी करत बाहेर निघून गेला. मला वाटलं, त्याचं लक्ष नसेल. दूरध्वनी खात्यात चौतीस वर्षं मी लोकांचे आवाज ऐकून कोण खरं बोलतंय ते ओळखलं, आणि माझ्या भावाची मुलगी हातभर अंतरावरून मला फसवून गेली.

फोनवर हा विषय काढला असता तर तू हसून "अगं सोड की आत्या" म्हणाली असतीस. म्हणून पत्र. तू काल जेऊरला बँकेत परत रुजू झालीस. हात गळ्यात असला तरी पत्र वाचायला डोळे लागतात आणि ते शाबूत आहेत. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, सकाळी अकरा वाजता तुझ्या पप्पांनी बोलावलेले एक गृहस्थ सायकल बघायला येणार आहेत आणि बहुधा घेऊन जाणार आहेत. तुझी सायकल. जी मिळवायला तू पाच महिने घातलेस ती तू एका शब्दाने विकायला हो म्हणालीस. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. आता तर मी चिडले आहे, आणि कशासाठी चिडले आहे ते सांगितल्याशिवाय हे पत्र संपणार नाही.

पण शाळेत आमच्या सिस्टर ॲग्नेसचा एक नियम होता. एखाद्या मुलीची तक्रार लिहून द्यायची असेल तर आधी त्याच कागदावर तिच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. बऱ्याच मुली तक्रारच रद्द करायच्या, कारण तिसरी चांगली गोष्ट सापडायची नाही. माझी अडचण उलटी झाली आहे.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलीस तेव्हा मार्च होता. पगारातून साठवलेले पंचवीस हजार, एक वही, आणि "आत्या, मला रस्त्यावरची सायकल घ्यायची आहे, तू साक्षीदार म्हणून चल." मी म्हटलं, सगळ्या सायकली रस्त्यावरच्याच असतात, छतावरची कुठे असते? तर तू मला पंधरा मिनिटं समजावलंस. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, हलका सांगाडा, आणि पुढच्या वर्षी दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. स्कूटर घे म्हणून राजशेखर तुझ्या मागे लागला होता. तू त्याला म्हणालीस, "पप्पा, स्कूटरवर मी बसते. सायकल मी चालवते." मी स्वयंपाकघरात होते. कढईत तेल तापलेलं होतं म्हणून बाहेर येऊन पाठ थोपटली नाही. आता थोपटते.

मग ते इथलं दुकान. तो विकणारा इसम तुझ्याशी बोलेचना, माझ्याशीच बोलत होता, जणू मीच दोनशे किलोमीटर जाणार. "मॅडम, ताईंना ही शोभंल बघा," म्हणून त्याने गुलाबी सायकल पुढे केली, पुढे टोपली, जाड टायर, "आन् एकवीस गिअर!" तू ती एका हाताने उचलून बघितलीस, खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "दादा, सतरा किलो आहे. ही मला नेणार की मी हिला?" त्याने मग हँडल खाली वळलेली एक दाखवली, लाल, चकचकीत, तुझ्या पैशांत बसणारी. मला आवडली. मी पर्स उघडायला निघाले होते. तू चाक उचलून फिरवलंस, कान लावलास, आणि बाहेर आल्यावर मला सांगितलंस की या किमतीच्या नव्या सायकलीत निम्मे पैसे रंगाला जातात. तेवढ्याच पैशांत कुणाची तरी वापरलेली पण मुळात चांगली सायकल मिळते, फक्त बघता आली पाहिजे. बघता आली पाहिजे, हे वाक्य तू किती सहज म्हणालीस! मी अडुसष्ट वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमात शिकले, आणि आयुष्यात बहुतेक वस्तू रंग बघूनच घेतल्या आहेत.

पुढचे चार महिने तू वहीत फक्त नकार लिहीत गेलीस. ही मोठी, ती मोठी. तुझी उंची पाच फूट दोन इंच आणि विकायला येणाऱ्या सगळ्या सायकली उंच पुरुषांच्या. एक तर अठरा हजारांत मिळत होती, राजशेखरही म्हणाला, घेऊन टाक, सीट खाली करता येते. तू म्हणालीस, "सायकल स्वस्त मिळाली म्हणून माझे पाय लांब होत नाहीत." असा संयम आपल्या घराण्यात कुठून आला मला कळत नाही. माझ्या वडिलांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं, भुसार मालाचं दुकान होतं. त्यांनी ज्वारीचं पोतं बाहेरून थापटून घेतलं आणि किडकी ज्वारी निघाली, हे एकदा नाही, तीनदा झालं.

माढ्याची गोष्ट मी अजून सगळ्यांना सांगते. आबासाहेबांची ती निळी सायकल. त्यांनी आधी चहा दिला, मग पोहे दिले, मग सायकल अंगणात आणली. "घोड्यावानी पळती बघा. म्या सोता रोज शेताकडं जातोय हिच्यावर." मापाला बरोबर, वजनाला हलकी, किंमत बावीस. मी मनातल्या मनात तिला माझ्या बैठकीत उभी पण केली होती. तू गुडघे टेकून बसलीस. हँडलच्या खाली जिथे दोन नळ्या एकत्र येतात, तिथे एक स्टिकर होता. तू त्याच्यावरून नख फिरवलंस, थांबलीस, परत फिरवलंस. मोबाइलची बॅटरी लावून बघितलंस आणि आबासाहेबांना विचारलंस, "काका, हा स्टिकर काढू का?" खाली केसासारखी चीर होती. दुसरी कुणी असती तर उठून, साडी झटकून, बरंय म्हणून निघाली असती. किंवा माझ्यासारखी असती तर त्या माणसाला चार शब्द सुनावले असते. माझे ते तयारही होते. तू त्यांना शेजारी बसवलंस, त्यांचं बोट धरून त्या चिरेवर ठेवलंस आणि म्हणालीस, "मी घेत नाही म्हणून सांगत नाही काका. तुम्हीसुद्धा उद्यापासून चालवू नका. खड्ड्यात गेली की इथून दोन तुकडे होतील." त्यांचा चेहरा उतरला. "आयला, म्या तर वड्यातनं बी नेतोय की हिला!" त्यांना माहीतच नव्हतं. तो स्टिकर त्यांच्या आधीच्या मालकाचा. निघताना त्यांनी आपल्याला पिशवीभर पेरू दिले. पत्र लिहिताना मला कळतंय की मी तुझ्या चांगल्या गोष्टी मोजायच्या थांबले आहे. तीनच्या पुढे केव्हाच गेल्या.

आणि मग नातेपुते. इंद्रजीतने ती सायकल लॉकडाऊनच्या उत्साहात घेतली होती, तीन महिने चालवली आणि नंतर तिच्यावर पंचे वाळत घातले. आपण गेलो तेव्हा हँडलवर दोन पंचे आणि एक लुंगी होती. मला ती मुळीच आवडली नाही. राखाडी रंग, टायर भेगाळलेले, साखळीला गंज. तू मात्र पंचे बाजूला केलेस आणि तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं, झालं, आता हा गडी किंमत वाढवणार. पण तू लगेच चेहरा पुसल्यासारखा कोरा केलास. चाकं फिरवून बघितलीस, सांध्यासांध्यावर नख फिरवलंस, खालचा नंबर बिलाशी ताडलास. त्याला म्हणालीस, "टायर, साखळी, ब्रेकचे रबर, तिन्ही बदलावे लागतील. त्याचे पैसे तुमच्या किमतीतून जातील." तो म्हणाला, "ताई, साठ हजाराची हाय की ओ!" "होती," तू म्हणालीस. अठरा हजारांत ठरली. उरलेल्या सात हजारांत टायर, साखळी, रबर आणि हेल्मेट, हे तू वहीत आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतंस.

तिथेच तू मला ब्रेकबद्दल काहीतरी सांगितलंस. नवीन पद्धतीचा चकतीचा ब्रेक स्वस्त सायकलीत नको, त्यापेक्षा हा जुन्या पद्धतीचा बरा, यात रबर थेट चाकाच्या कडेला घासतो, बिघडला तर आपला सायकलवाला कल्लप्पासुद्धा दुरुस्त करेल. आणि पुढे आणखी एक वाक्य होतं. मी ते नीट ऐकलं नाही. मी इंद्रजीतने लिहून दिलेल्या पावतीतल्या चुका दुरुस्त करत होते. "सायकल" हा शब्द त्याने दोन प्रकारे लिहिला होता आणि दोन्ही चुकीचे.

येताना एसटीत काय केलंस ते आठवतं ना? कंडक्टर म्हणाला, "सायकलीचं तिकीट लागतं की म्याडम." तू दोन मिनिटांत दोन्ही चाकं काढलीस आणि म्हणालीस, "सायकल कुठाय? दोन चाकं आहेत आणि एक सांगाडा." मागच्या बाकावरचे सगळे हसले. तिकीट मी काढायला लावलं, कारण नियम तो नियम. पण चाकं इतक्या झटक्यात निघतात हे बघून माझ्याच तोंडून "अगं बाई" निघालं होतं.

तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून सायकल माझ्याकडे राहिली. टीव्हीच्या शेजारी, जिथे पूर्वी माझं शिवणाचं मशीन होतं. कल्लप्पाने टायर घातले, साखळी घातली, ब्रेक दाबून दाखवले. शनिवारी जेऊरहून यायचीस आणि रविवारी पहाटे साडेपाचला माझ्या दारातून निघायचीस. मी गॅलरीत उभी राहायचे. तू वळणावर गेल्यावर तुझा मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसायचा. परत यायचीस तेव्हा घामाच्या मिठाने गाल पांढरे आणि "आज ऐंशी झाले, आत्या!" मी म्हणायचे, आधी हात धू. मला दुसरं काही म्हणता येत नव्हतं असं नाही. म्हटलं नाही.

तू पडलीस आणि राजशेखर पिसाळला. वापरलेली वस्तू, बारीक टायर, पोरीच्या जातीला, वगैरे सगळं बोलून झालं. "कुत्रं आडवं आलं म्हणून जी सायकल पाडते ती मला नको," असा त्याचा निकाल. तू भांडशील असं मला वाटलं होतं. पाच महिने दुकानदारांशी, बापाशी, कंडक्टरशी भांडलेली मुलगी. तू भिंतीकडे बघत म्हणालीस, "विका." मला तुझा रागच आला. मी काय केलं ते तुला ठाऊक आहे: मोकाट कुत्र्यांविरुद्ध दोन पानी तक्रार अर्ज लिहिला, ठिकाण, वेळ, जखमेचं वर्णन, सगळं घालून, आणि स्वतः कचेरीत जाऊन पोच घेतली. तू तो अर्ज वाचलास. "आत्या, मस्त लिहिलंयस," म्हणालीस. तेव्हा तुला जरासुद्धा लाज वाटली नाही का? आज सकाळी तो अर्ज मी मागे घेतला. कारण काय लिहू, असं तिथल्या कारकुनाने विचारलं. मी म्हटलं, "कुत्रं निर्दोष आहे, असं लिहा." त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं आजवर मी लोकांकडे बघत आले आहे.

काल संध्याकाळी काय झालं ते आता सांगते. गिऱ्हाईक येणार म्हणून सायकल जरा नीट करून ठेवावी असं मला वाटलं. रिक्षात घालून कल्लप्पाकडे नेली. त्याने ब्रेकचे रबर काढले, बोटाने चोळले, वास घेतला. मग चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाला, "अक्का, हितं त्याल कुनी लावलं?" मी म्हटलं, तेल कुणी लावेल? तो म्हणाला, "रबरात बघा की, विभूती बी हाय. त्यालावर ब्रेक धरतोय व्हय? ताईनं म्हनून तर मला फोन केल्ता, दवाखान्यातनं. आत्या देवळाला गेल्या की गुमान जाऊन रिम पुसून ये, म्हनली. मला सवडच गावली न्हाई." आणि मग त्याने जीभ चावली. "तुमाला सांगू नको म्हनली हुती ओ."

तू पडलीस त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. तुला माहीत आहे, आपल्या घरात त्या दिवशी लोखंडाला आधी तेलाचं बोट आणि मग विभूती. आजोबांच्या दुकानात तराजू, मापं, अडकित्ता, कुलूप, सगळ्यांना. ते गेल्यावर हे मी एकटी करते, कात्री आणि विळी घेऊन. यंदा माझ्या घरात पूजेला लावण्यासारखं काहीतरी आलं होतं. मी तिला झेंडूची माळ घातली. सगळी पुसली. चाकांच्या कडेला काळी रेघ होती, ती निघेना. म्हणून तीळतेलात फडकं बुडवून दोन्ही चाकं दोन-दोनदा घासली, लखलखीत केली, वर विभूतीची बोटं ओढली. दसऱ्याला तू पहाटे आलीस, अंधारात, माळ तेवढी काढून ठेवलीस, मला नमस्कार केलास आणि निघालीस. तुझं नातेपुत्यातलं ते वाक्य, जे मी पावती तपासत असल्यामुळे ऐकलं नव्हतं, मला काल कल्लप्पाच्या दुकानात, लाकडी स्टुलावर बसल्यावर, शब्दन् शब्द आठवलं. "आणि आत्या, चाकाच्या या कडेला तेल कधी लावायचं नाही हं, हीच आपला ब्रेक."

तर होटगी रस्त्याच्या वळणावर समोर ट्रॅक्टर आला, तू ब्रेक दाबलास आणि सायकल थांबली नाही. तू ट्रॅक्टरखाली जाण्याऐवजी बाभळीत घातलीस. हाड मोडलेलं, अंगात काटे, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तू एक कुत्रं तयार केलंस. खरं सांगितलं असतंस तर राजशेखरला सायकलीवर राग धरायला जागाच उरली नसती. सायकल वाचली असती आणि माझं नाव पुढे आलं असतं. तू सायकल दिलीस. प्रिया, माझ्या जिभेला घाबरून माझ्याशी खोटं बोलणारे मी रोज बघितले आहेत, ऑफिसात, घरात, या गल्लीत. मला जपण्यासाठी कुणी खोटं बोलेल हे माझ्या हिशोबातच नव्हतं. म्हणून मी चिडले आहे. मी काचेची नाही. माझी चूक मला पेलते, आणि ती माझ्यापासून लपवण्याचा अधिकार मी तुला दिलेला नाही. आज सकाळी राजशेखरला समोर बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, तीच विका म्हणाली. आता तिनेच नको म्हणायला पाहिजे." ते बरोबर आहे. कल्लप्पाने चाकं स्पिरिटने पुसली, रबर नवे घातले, आणि मी स्वतः अंगणात हाताने ढकलत नेऊन दोन्ही ब्रेक दाबून बघितले. जागच्या जागी थांबते. सायकल टीव्हीशेजारी आहे, कुलूप लावलेली, किल्ली माझ्या कमरेला. तेव्हा तुझं लेखी उत्तर, तुझ्या हस्ताक्षरात (हाड डावीकडचं मोडलंय, सबब चालणार नाही), शनिवार, अठरा ऑक्टोबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. त्यात दोन वाक्यं हवीत: होटगी रस्त्यावर कुत्रं नव्हतं, आणि सायकल विकायची नाही. दुसरं वाक्य तुला वेगळं लिहायचं असेल तर लिही, मी मान्य करीन. पण पहिलं लिहिल्यानंतर. माझ्या बाजूचं वाक्य मी इथे लिहून सही करते, सिस्टर ॲग्नेस लिहून घ्यायच्या तसं: चाकाला तेल मी लावलं.

तुझीच,
दानेश्वरी आत्या